कोण आला? स्टार खेळाडूच्या स्वागत सोहळ्याचे तुमचे अनुभव

जुना नऊ नंबर

परवा माळा आवरताना एक पांढरी जर्सी सापडली. पाठीवर रोनाल्डो, खाली ९. बायकोने ती गाडी पुसायला बाजूला काढली होती, मी झडप घालून वाचवली. मुलगा म्हणाला, "बाबा, नंबर चुकलाय. डुप्लिकेट आहे ना?" डुप्लिकेट तर आहेच, फॅशन स्ट्रीटची आहे. पण नंबर बरोबर आहे. ६ जुलै २००९ ला रोनाल्डोला रेआल माद्रिद या क्लबच्या सान्तियागो बर्नाबेऊ स्टेडियमवर पहिल्यांदा लोकांसमोर आणलं तेव्हा ७ नंबर राऊलकडे होता, म्हणून याला ९ मिळाला. राऊल २०१० मध्ये शाल्केला गेला, मग सात.

त्या रात्री मी शिवाजीनगरला हॉस्टेलवर होतो. आपल्याकडे साडेबारा वाजून गेले होते, म्हणजे तारखेने गुरुपौर्णिमा लागली होती. चौघांत एक डेस्कटॉप, आणि कुठल्याशा परदेशी साइटवरचं चित्र, जे दर पंधरा सेकंदांनी गोठायचं. स्टेडियममध्ये ८०,००० माणसं. मॅच नाही, समोर दुसरा संघ नाही. एक माणूस येणार, चार वाक्यं बोलणार, बॉल दोनदा पायावर उडवणार आणि जाणार. स्टेजवर दि स्टेफानो आणि युसेबिओ हे जुन्या जमान्यातले खेळाडू, दोघं म्हातारे, दोघं देव. रोनाल्डो म्हणाला, "उनो, दोस, त्रेस..." आणि चित्र गोठलं. पुढचं आम्हीच ओरडलो. स्पॅनिशमध्ये एच गिळतात, त्यामुळे माद्रिदवाल्यांची "हाला माद्रिद" ही घोषणा "आला माद्रिद!" अशी होते. आम्ही चौघं "आला! आला!" करतोय आणि वॉर्डन दारात.

"कोण आला?"

"रोनाल्डो, सर."

"कुठे?"

"माद्रिदला."

"मॅच आहे?"

"नाही सर."

"मग ओरडताय कशाला?"

याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही, म्हणून हा धागा. असा कुठला सोहळा तुम्ही जागून, चोरून, पैसे भरून पाहिलात? जर्सी घेतलीत का? आणि पुढे त्या खेळाडूचं काय झालं? मेस्सी मोठा की रोनाल्डो यावर इथे भांडू नका, तुमच्या पाया पडतो.

कट्ट्यावरचा

शीर्षक वाचून वाटलं एफसी रोडवर कुणी नट आलाय. पुण्यात एफसी म्हणजे फर्ग्युसनच, फुटबॉल क्लब नंतर.

आजीची नात

मी बार्साची. ८ ऑगस्ट २०२१ ला मेस्सी रडत रडत बार्सिलोना सोडताना बोलला, तेव्हा मीही इकडे सहकारनगरात रडले. दोन दिवसांनी त्याचं पॅरिसमध्ये स्वागत झालं ते मी पाहिलंच नाही. तिसाव्या नंबरची जर्सी घातलेला मेस्सी म्हणजे शेजाऱ्याचे कपडे घालून आलेला आपला भाऊ.

पुढे तो अमेरिकेत इंटर मायामीला गेला, ते स्वागत मात्र पाहिलं. तिकडे १६ जुलै २०२३ ची संध्याकाळ, आपल्याकडे १७ तारखेची सोमवारची पहाट. वीज आणि पाऊस, कार्यक्रम लांबत चाललेला. इकडेही पाऊस. त्या दिवशी दीप अमावास्या होती, त्यामुळे आजी माझ्याआधी उठून समया, निरांजनं, लामणदिवा सगळं चिंचेनं घासायला बसली होती. मी तिच्या शेजारी पाटावर, मांडीवर फोन.

"हे लोक पावसात का उभेत?"

"स्वागत आहे गं. नवीन खेळाडू आलाय."

"तो कुठाय?"

"यायचाय अजून."

"आणि हा भिजणारा सूटवाला?"

"तो मालक. तोही पूर्वी खेळायचा." बेकहॅमची ओळख मी यापेक्षा बरी करून देऊ शकले नाही.

शेवटी मेस्सी आला, ओला, हसरा, गुलाबी जर्सी हातात. आजी समईचं बूड पुसता पुसता बघत होती. म्हणाली, "अरे, त्याला उंबऱ्यात औक्षण करा आणि आत घ्या. भिजवताय कशाला?" फटाके लागले तेव्हा मात्र तिला पटलं. "हां, आता वाटतंय काही."

दुसऱ्या दिवसापासून अधिक श्रावण. शनिवारी सकाळी त्याची पहिली मॅच, क्रूझ अझुलविरुद्ध. बाकावरून आला आणि ९४ व्या मिनिटाला फ्री किक थेट जाळ्यात, २-१. मी किंचाळले तशी आजी देवघरातून बाहेर. सांगितलं तिला. तिने शांतपणे विचारलं, "अधिकात आलाय ना? मग जावईच तो. अनारसे द्यायला हवेत." त्या महिन्यात आमच्या घरी मेस्सीला जावईबापू म्हणत. आत्याच्या नवऱ्याला ते फारसं आवडलं नाही.

हिंजवडी फेज ३

१६ जुलै २०२४, मंगळवार, दुपारी साडेतीन. एम्बापे बर्नाबेऊवर. दुसऱ्या दिवशी आषाढीची सुट्टी, त्यामुळे ऑफिसात सगळ्यांनाच आधीच पंढरपूर दिसत होतं. माझा क्लायंट कॉल चालू, कॅमेरा बंद, एका स्क्रीनवर कोड आणि दुसऱ्यावर माद्रिद. पुन्हा ८०,००० माणसं, स्टेजवर झिदान, पाठीवर ९. आणि पठ्ठ्याने भाषण संपवताना तेच केलं, "उनो, दोस, त्रेस". लहानपणी खोलीत रोनाल्डोची पोस्टरं लावून झोपलेला पोरगा, त्याची हुबेहूब नक्कल करत होता. गळ्याशी आलं. त्याच क्षणी कॉलवर माझं नाव पुकारलं गेलं आणि मी म्हणालो, "आला." मॅनेजर म्हणाला, "बिल्ड आला का?" मी म्हणालो, हो. आला नव्हता.

पुढचं सांगायलाच हवं. पहिल्या सीझनमध्ये लीगचे ३१ गोल, सगळ्यात जास्त. पण माद्रिदला ना लीग मिळाली ना चॅम्पियन्स लीग. आणि ज्या पॅरिसला तो सोडून आला, त्यांनी तो गेल्याच्या पहिल्याच वर्षी, ३१ मे २०२५ ला, इंटरला ५-० ठोकून आयुष्यातली पहिली चॅम्पियन्स लीग घेतली. सोहळा इकडे, कप तिकडे. त्या रात्री मी फोन बंद करून झोपलो.

खडकीचा गोली

तुमच्या ८०,००० चं कौतुक वाचलं. त्याच्या पंचवीस वर्षं आधी, ५ जुलै १९८४ ला, नेपल्समध्ये ७५,००० च्या आसपास लोक एका माणसाला बघायला आले होते, तेही तिकीट काढून. मॅराडोना.

मी तेव्हा २२ वर्षांचा, फॅक्टरीत नुकता लागलो होतो. आमच्याकडे गोव्याचा एक फिटर होता, त्याला या बातम्या कुठून तरी कळायच्या. तो म्हणाला, "बार्सिलोना सोडली, नापोलीला गेला." आम्हाला वाटलं, डिमोशन झालं बिचाऱ्याचं. नापोली म्हणजे कोण? तोवर एकदाही लीग न जिंकलेला संघ. इटलीचा पैसा, कारखाने, कप सगळे उत्तरेला, मिलान आणि तुरिनकडे. दक्षिणेला हिणवायचे लोक. जगातला सगळ्यात महागडा खेळाडू तिथे जातो कशाला, आणि त्या गरीब गावाने पैसे आणले कुठून?

फोटो पाहायला मला दोन-तीन महिने लागले. फर्ग्युसन रस्त्यावरच्या ब्रिटिश लायब्ररीत एका परदेशी मासिकात अर्ध्या पानाचा, काळा-पांढरा. हा एवढासा माणूस, आणि मागे नुसती डोकी. मी ते पान किती वेळ बघत बसलो ते सांगत नाही. तिथल्या बाईंनी दोनदा येऊन घड्याळ दाखवलं.

८६ चा वर्ल्ड कप आम्ही कॉलनीतल्या एका टीव्हीवर पाहिला, सिंहगडाच्या टॉवरची कृपा असेल तेवढाच. अँटेना फिरवायला एक पोरगा गच्चीवर कायम. मॅराडोनाने इंग्लंडला पाच-सहा जण कापत गोल मारला तेव्हा तो पोरगा वर होता, त्याने पाहिलाच नाही. आज तो निवृत्त झालाय, अजून त्यावरून भांडतो.

१९८७ ला नापोली पहिल्यांदा लीग जिंकली. सांगतात की तिथल्या कब्रस्तानाच्या भिंतीवर कुणी तरी लिहून ठेवलं होतं, "काय गमावलंत तुम्हाला कळणार नाही." १९९० ला पुन्हा जिंकली. नातवाने मला अलीकडे १९८४ चं चित्रण यूट्यूबवर लावून दिलं. एवढं हललेलं चित्र, रंग उडालेले. तीन मिनिटांत संपलं. मी त्याला म्हटलं, पुन्हा लाव.

पेठेतला लेखापाल

भावना समजल्या. आता हिशेब.

"अहो, जर्सी विकूनच पैसे वसूल होतात" हे वाक्य दर सोहळ्याला मला कुणी ना कुणी ऐकवतं. होत नाहीत. जर्सी बनवणारी कंपनी क्लबला आधी ठरलेली रक्कम देते, आणि विक्रीतला क्लबचा वाटा लहान असतो. फॅशन स्ट्रीटवरच्या जर्सीतून तर शून्य, त्यामुळे धागाकर्त्याने माद्रिदला काही हातभार लावला असा गैरसमज करून घेऊ नये.

बदलीची रक्कमही एकदम खर्चात पडत नाही, कराराच्या वर्षांत वाटतात. रोनाल्डोचे ९.४ कोटी युरो सहा वर्षांत म्हणजे वर्षाला सुमारे १.५७ कोटी. नेमारचे पॅरिसचे २०१७ चे २२.२ कोटी पाच वर्षांत, वर्षाला ४.४४ कोटी. म्हणजे आयफेल टॉवरवर रोषणाई करून ज्याचं स्वागत केलं, त्याचा वर्षाचा हप्ता रोनाल्डोच्या जवळजवळ तिप्पट. एम्बापेची बदली रक्कम शून्य, करार संपवून आला. पण शून्य म्हणजे फुकट नव्हे. पगार आणि सही करण्याचे पैसे वेगळ्या रकान्यात असतात, एवढंच.

सोहळ्याचा खर्च मी जाहिरातीत धरतो. मीही २०१९ मध्ये, पुढे माद्रिदला फसलेल्या हॅझार्डचं स्वागत पूर्ण पाहिलं आहे, आणि त्याबद्दल मला आणखी काही बोलायचं नाही.

पेठेचा पोरगा

पुण्यात राहतोय दहा वर्षं, पण मूळचा कोल्हापूर. त्यामुळं हे सगळं वाचून हसायला येतंय. भावा, आमच्याकडं सीझनच्या आधी कुठला प्लेअर कुणाकडून खेळणार याची चर्चा चहाच्या गाड्यावर सुरू होत्या आणि भांडणानं संपत्या. पाटाकडील तालमीचा पोरगा दिलबहार तालमीकडं गेला म्हणजे घरातलं लग्न मोडल्यागत. खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण, प्रत्येकाची पेठ, प्रत्येकाचा रंग. शाहू स्टेडियमवर जागा मिळंना तर पोरं झाडावर, आजूबाजूच्या गच्चीवर.

मी शाळेत असताना आमच्या तालमीत एक आफ्रिकन प्लेअर आला होता. सोहळा कसला? एसटी स्टँडवरनं मोटरसायकलवर बसवून आणला, मध्ये तो, मागं पुढं दोघं, त्याची बॅग माझ्या मांडीवर दुसऱ्या गाडीवर. तालमीत नेऊन मारुतीच्या पाया पडायला लावलं, नारळ फोडला, तांबडा-पांढरा रस्सा पुढं ठेवला. तांबडा प्याला आणि डोळ्यांतनं पाणी. आम्ही म्हटलं, भावनाविवश झाला. पुढच्या रविवारी दोन गोल टाकले. रोनाल्डोच्या ८०,००० मधल्या एकाला तरी त्याची बॅग धरायला मिळाली का, सांगा.

जुना नऊ नंबर

बॅगेवर माझं काही उत्तर नाही. पण पुणेकर गप्प का? आपल्या शहरातही मोठी माणसं येऊन गेली आहेत. बालेवाडीवाले कुणी आहेत का?

नारिंगी स्कार्फ

आहे. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

२०१४. इंडियन सुपर लीग सुरू होणार, पुण्याचा संघ एफसी पुणे सिटी, सहमालक हृतिक रोशन, आणि मोठा खेळाडू म्हणून दाविद ट्रेझेगे. माझ्या पिढीच्या माणसाला हे नाव म्हणजे काय ते सांगतो. २००० ची युरो फायनल, फ्रान्स विरुद्ध इटली, जादा वेळ, डाव्या पायाचा फटका, आणि तो गोल पडताक्षणी मॅच संपली. गोल्डन गोल. आणि २००६ ची वर्ल्ड कप फायनल, पुन्हा इटली, पेनल्टी आडव्या दांड्यावर, कप गेला. एका माणसाच्या नशिबात दोन्ही. तो माणूस बालेवाडीला येणार म्हटल्यावर माझे बाबा म्हणाले, "तो कशाला येतोय? नावाचा दुसरा असेल."

त्याआधी पुण्यात फुटबॉल नव्हतं असं नाही. पुणे एफसी २००७ पासून होतं, २०१२-१३ ला आय-लीगमध्ये दुसरं आलं होतं. त्या मॅचेसना मी जायचो, आणि एखादा गोल झाला की आपण ओरडलेलं आपल्यालाच परत ऐकू यायचं. इतकी जागा असायची. आता एकदम लेझर, नट-नट्या, टीव्ही. पहिले दिवस लाज वाटण्यासारखे गेले. मुंबईत जाऊन ०-५ खाल्ले. मुंबईत! तेही पाच!

मग दिवाळी झाली, आणि २६ ऑक्टोबरला घरी गोव्याशी मॅच. आमच्या ढोल पथकातले सहा जण ताशे घेऊन निघालो. गेटवर ताशे सोडले पण पिशवीतला फराळाचा डबा अडवला. सुरक्षारक्षक म्हणे चकली टोकदार असते. (अनरसे चालले.) मग आम्ही गेटबाहेर उभं राहून सगळ्या चकल्या संपवल्या, त्यालाही दोन दिल्या, आणि तोंड पुसत आत गेलो.

ट्रेझेगे तेव्हा ३७ चा. खरं सांगायचं तर तो फारसा पळत नव्हता. दहा मिनिटं दिसायचाच नाही. शेजारचे काका वैतागून म्हणाले, "याला विमानाचं भाडं दिलंय का बसचं?" पण तो उभा कुठे राहतो ते बघायला लागलो आणि मला खेळच वेगळा दिसायला लागला. बॉल जिथे यायचाय तिथे हा आधीच पोहोचलेला, घाई नाही, घाम नाही. २-० जिंकलो आणि दुसरा गोल त्याचा. ज्याचं पोस्टर मी चौदा वर्षांपूर्वी दप्तराच्या झाकणाला आतून चिकटवलं होतं, त्याने माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या गावात गोल मारला. ताशा वाजवायची काठी हातातून खाली तीन ओळींवर गेली. बाबांना फोन केला. "तोच आहे, बाबा. दुसरा नाही."

नंतर मुटू आला. २०१६ ला गुडयॉन्सन येणार म्हणून आम्ही बॅनर रंगवला, तो सीझन सुरू व्हायच्या आधीच जखमी. स्वागताचा बॅनर तसाच गुंडाळून ठेवला. आणि गंमत बघा, २०१७-१८ ला जेव्हा पहिल्यांदा सेमीफायनल गाठली तेव्हा संघ मार्सेलिनो आणि अल्फारो यांनी खेचला होता. त्यांच्या आगमनाला कुणी लेझर लावले होते असं मला आठवत नाही. बंगळुरूने हरवलं, छेत्रीने हॅट-ट्रिक मारली. ठीक आहे, छेत्रीकडून हरण्यात कमीपणा नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये बातमी आली, संघ बंद, जागा हैदराबादला. मला फोनवर कळलं, पौड फाट्याच्या सिग्नलला. एकही निरोपाची मॅच नाही. ज्यांना आणताना गाणी लावली होती, त्यांना नेताना साधी घंटाही वाजली नाही. आणि मार्च २०२२ ला हैदराबाद एफसी चॅम्पियन. ती फायनल मी पाहिली. पेनल्टीपर्यंत गेली. मला शेवटपर्यंत कळलं नाही मी कुणाच्या बाजूने आहे.

स्कार्फ आहे अजून. थंडीत सिंहगडावर जाताना घालतो. मागे कल्याण दरवाज्याजवळ एक अनोळखी माणूस बघून थांबला, नुसतं "ऑरेंज आर्मी?" म्हणाला. मी मान हलवली. तो उतरून गेला.

कट्ट्यावरचा

चकल्या टोकदार. मान गए पुणे.

सकाळी सहा, दापोडी

लहान मुलांना शिकवते, मुलं-मुली एकत्र. आमच्या मैदानावर गेल्या वर्षीपासून एक खेळ आहे, त्याला पोरं "स्वागत-स्वागत" म्हणतात. बाकाचं स्टेज, कोनांचे खांब, उलटी बादली म्हणजे ढोल. एक जण अध्यक्ष, त्याने दप्तर पोटाला बांधलेलं असतं, कारण अध्यक्षाला पोट हवं. नवा खेळाडू धावत येतो, अध्यक्ष हात मिळवतो, मग त्याने बॉल पायावर दहा वेळा उडवायचा. पडला तर सगळे हुर्यो करतात.

हे त्यांना कुठून सुचलं तर ब्रेथवेटच्या व्हिडिओवरून. २०२० ला बार्सिलोनात त्याच्या ओळखीच्या दिवशी रिकाम्या हिरवळीवर कॅमेऱ्यांसमोर बॉल उडवताना त्याची तारांबळ झाली होती. पोरं ते पन्नासदा बघून हसतात. मी त्यांना सांगितलं की तो चांगला खेळाडू होता, नुसतं उभं राहून सगळे बघत असताना बॉल उडवणं अवघड असतं. विश्वास बसला नाही. मग मी म्हटलं, या एकेकाने.

आमच्यात एक मुलगी आहे, सरावात सत्तरवेळा उडवते, मी मोजलंय. तिचं नाव पुकारलं, बादली वाजली, ती आली आणि दोनला बॉल पडला. कुणी हसायच्या आत ती म्हणाली, "मी गोलकीपर म्हणून आलेय," आणि बॉल हातात घेऊन उभी राहिली. आता ती खरंच गोलमध्ये उभी राहते. हे असंही होतं.

शिवनेरीचा प्रवासी

१४ डिसेंबर २०२५, रविवार, वानखेडे. मेस्सी, सुआरेझ, दे पॉल. मी आणि माझा अकरा वर्षांचा मुलगा, स्वारगेटवरून पहाटेची बस. तिकिटाचा आकडा घरी सांगितलेला नाही, इथेही सांगत नाही. आदल्या दिवशी कोलकात्यात लोकांना मेस्सी दिसलाच नाही, पुढाऱ्यांच्या गराड्यात हरवला, आणि खुर्च्या उडाल्या. रात्रभर टीव्हीवर तेच. बायको म्हणाली, "हेल्मेट घेऊन जा."

तसं काही झालं नाही. मेस्सी दिसला. अंगठ्याएवढा, पण दिसला. मुलगा दहा नंबर घालून खुर्चीवर उभा, घसा बसेपर्यंत. मी शांत होतो, मोबाइलवर त्याचेच फोटो काढत होतो. आणि मग सचिन आला. स्टेडियमचा आवाजच बदलला. "सच्चिन... सच्चिन..." तोच ठेका. त्याने आपली दहा नंबरची जर्सी मेस्सीला दिली आणि मला काय झालं कळेना, चष्मा काढून पुसायला लागलो. मुलगा माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "बाबा, तुम्ही नक्की कुणाला बघायला आलात?"

परतीच्या बसमध्ये लोणावळ्यापर्यंत तो बोलला नाही. मग म्हणाला, "त्या दोघांचा नंबर सेम आहे." मी म्हटलं, हो. झोपला.

फॅशन स्ट्रीटची इस्त्री

मित्राने लिंक पाठवली. मी जर्सीवर नाव-नंबर छापतो, कॅम्पात, वडिलांच्या वेळेपासून. आमच्या बाजूने पण ऐका.

तुमच्याकडं सोहळा रात्री असतो, आमच्याकडं सकाळी दहाला सुरू होतो. शटर वर करायच्या आधी पोरं उभी. सगळ्यात मोठा प्रश्न नंबर. कोण कुठं जाणार ते पेपरात महिनाभर असतंय, पण नंबर शेवटच्या दिवशी कळतो. २०२१ ला मार्चमध्ये फॅशन स्ट्रीटला आग लागली, सगळं गेलं, मशीनसुद्धा. कसं तरी उधारीवर पुन्हा उभं केलं. ऑगस्टमध्ये मेस्सी पॅरिसला निघाला म्हणल्यावर मी कर्ज काढून एक आणि शून्याचे गठ्ठे भरले. दहाच असणार, दुसरा कुठला? आणि हा तीस घेऊन आला! शून्य होते ढीग, तीन नव्हते. त्या आठवड्यात पुण्यात तीनचा दुष्काळ. मी आठ नंबर कापून तीन केलेत, खोटं नाही सांगत, कात्रीनं. लांबून कळत नाही. त्या तीननं माझं दुकान पुन्हा उभं राहिलं.

रोनाल्डो सौदीत गेला, जानेवारी २०२३, पिवळी जर्सी. बोलताना चुकून साउथ आफ्रिका बोलून गेला ना, ते बघून लोक हसले, पण पिवळी जर्सी अजून विकतोय मी. शाळेतल्या पोरांना अल नस्र कुठल्या गावात ते माहीत नाही, जर्सी माहीत आहे.

मार बसला नेमारमध्ये. ऑगस्ट २०२३, तोही सौदीत, अल हिलालला, काय ते ड्रोन, काय ती आतषबाजी, साठ हजारांच्या वर पब्लिक. मला वाटलं रोनाल्डोसारखंच होणार. निळ्या चाळीस जर्सी नावासकट छापून ठेवल्या. ही चूक. छापलेली जर्सी म्हणजे लग्न झालेली मुलगी, दुसऱ्याला दाखवता येत नाही, असं आमचे वडील म्हणायचे. (आता बायकोसमोर म्हणत नाही.) ऑक्टोबरमध्ये ब्राझीलकडून खेळताना गुडघा गेला त्याचा. सगळ्या मिळून सात मॅच खेळला तिकडं. माझ्याकडं छत्तीस जर्सी. पुढच्या गणपतीत एका मंडळाच्या कार्यकर्त्यांना अर्ध्या भावात दिल्या. वर्गणीला छत्तीस नेमार फिरत होते.

आणि नऊ नंबरवाले दादा, तुमची जर्सी २००९ ची म्हणजे आमच्याकडचीच असायची शक्यता आहे. नऊचं सात करायला २०१० ला खूप जण आले होते.

जुना नऊ नंबर

मीही आलो होतो! काउंटरवरच्या काकांनी मशीनवर हात ठेवून सांगितलं होतं, "काढून देतो, पण नऊचा डाग राहील. आठवण म्हणून ठेवा तसाच." ठेवला.

एम्बापेला ९ मिळाल्यावर मला वाटलं, चला, पंधरा वर्षांनी जर्सी पुन्हा चालू झाली. नुसतं वरचं नाव बदलायचं. आळस केला, आणि पुढच्या सीझनला त्याने १० घेतला. आता मुलगा म्हणतोय त्याला एम्बापे १० हवी, नवीन. मी म्हटलं हीच घाल. तो म्हणतो, शाळेत सगळे हसतील, हा रोनाल्डो कोण म्हणून.

फॅशन स्ट्रीटची इस्त्री

काउंटरवरचे काका माझे वडील. घेऊन या दोघं. रविवारी नको, गर्दी असते. एक आणि शून्याचे ते जुने गठ्ठे अजून पडलेत.